निर्भेळ शांतता

दोन वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळी डॉ. सुधाकर होनराव यांना त्यांच्या पत्नीने काहीतरी विचारले आणि त्यांनी ‘हो’ असे उत्तर दिले. प्रश्न काय होता, हे त्यांना ठाऊक नव्हते. कानांवर हेडफोन होते. कुमुद खोलीच्या दारात उभी होती. तिचे ओठ हलले, मान किंचित कलली. म्हणजे वाक्य प्रश्नार्थक होते, एवढे निश्चित. दीर्घ संसारात अशा प्रश्नांना ‘हो’ हे सर्वांत निर्धोक उत्तर असते, असा त्यांचा अनुभव होता. ती हसली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे झोपेतच तिचे हृदय थांबले.

शोक ही मोजता येणारी राशी नाही, म्हणून त्यांनी तो मोजला नाही. मात्र आपण एका गोष्टीला होकार दिला आहे आणि ती गोष्ट कोणती हे आपल्याला माहीत नाही, ही बाब त्यांना पायातल्या काट्यासारखी टोचत राहिली. त्यांची सारी हयात मोजमापशास्त्रात गेली होती. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ते घड्याळांची पारख करीत. न वाचता त्यांनी एकाही प्रमाणपत्रावर सही केली नव्हती.

तरीही दोन वर्षे त्यांनी ती संध्याकाळ ऐकली नाही. ऐकता आली असती. इतर कोणत्याही घराप्रमाणे त्यांच्या घरातला प्रत्येक आवाज ‘अखंडप्रती’त साठत होता; तारीख सांगायची आणि ऐकायचे. पण सुरक्षित असलेल्या गोष्टीची घाई नसते. शिवाय कुमुदचे न ऐकलेले असे एकच वाक्य जगात शिल्लक होते. ऐकले असते तर तेही जुने झाले असते.

मग भाद्रपदात अखंडप्रत वाचता येईनाशी झाली.

अखंडप्रतीचा विचार लोक एव्हाना करीत नसत. नळाचे पाणी पिताना धरणाचा विचार कोण करतो? पूर्वी संगणकातील माहितीची प्रत ठरावीक वेळी काढली जाई आणि दोन प्रतींच्या मध्ये घडलेले बुडून जाई. अखंडप्रत क्षणोक्षणीचा बदल तेवढा नोंदते. आरंभी एक मूळ प्रतिमा आणि तिच्यावर एकामागून एक बदल, अशी ती साखळी असते. जागा वाचावी म्हणून या साखळीचे बारीक तुकडे करून ते निरनिराळ्या साठवणगृहांत विखरून ठेवतात आणि कोणता तुकडा कोणाच्या मागे येतो, हे सांगणारी अनुक्रमणिका वेगळी सांभाळतात. त्या वर्षी एका सदोष सुधारणेत अनुक्रमणिकाच बिघडली. आणि प्रत अखंड असल्यामुळे तो बिघाडही क्षणार्धात, अखंडपणे, तिच्या सगळ्या प्रतींमध्ये उतरला.

होनराव राहत ते गाव भोर. तिथल्या माणसाला हे समजावणे अवघड नाही. धरणाच्या पाण्याखाली जाणारे देऊळ उचलून न्यायचे असेल, तर प्रत्येक दगडावर क्रमांक रंगवतात. समजा, सगळे दगड वरच्या गावी पोहोचले, एकही फुटला नाही; फक्त वाटेत पावसाने क्रमांक धुऊन गेले. देऊळ हरवलेले नाही. पण ते उभेही राहू शकत नाही.

क्रमांक गेले तरी कडा पाहून दगड जुळवता येतात. बोलणे, गाणे, भांडण यांना स्वतःच्या कडा असतात. अडचण येते ती शांततेची. शांततेचा एक तुकडा दुसऱ्या कोणत्याही तुकड्याला बिनतक्रार चिकटतो. यावर तज्ज्ञांनी काढलेला तोडगा मोठा सुरेख होता. वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, असे पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते. प्रत्यक्षात ती कधी किंचित घाईत असते, कधी किंचित रेंगाळते. कुठे कारखाना सुरू झाला, कुठे ढग येऊन सौरवीज घटली, की साऱ्या जाळ्याची चाल पालटते. ही चाल फ्रीज, पंखे, दिवे यांच्या सूक्ष्म गुणगुणीत उतरते. आपल्या कानांना ती जाणवत नाही, ध्वनिग्राहकाला जाणवते. ती देशभर एकच असते आणि वीजकेंद्रांत तिची नोंद असते. याचा अर्थ, प्रत्येक घराच्या शांततेवर त्या क्षणाचा शिक्का उमटलेला असतो.

हे शिक्के वाचून महिन्याभरात बहुतेकांच्या प्रती पूर्ववत झाल्या. होनरावांची झाली नाही.

*

“सर, तुमच्या घरात वीज आहे ना?”

तबस्सुम मुजावर यांनी हा प्रश्न गंभीरपणे विचारला. पुण्याच्या पुनर्रचना केंद्रात अवघड प्रकरणे त्यांच्याकडे येत. वय चाळिशीचे, बोलणे थेट. टेबलाच्या कडेला त्यांचा अर्धा खाल्लेला डबा झाकण लावून ठेवलेला होता.

“आहे,” होनराव म्हणाले. “सर्वसामान्य घरांपेक्षा चांगली आहे.”

“चांगली म्हणजे?”

होनरावांनी सांगितले. प्रयोगशाळेने मोडीत काढलेले एक स्फटिक-घड्याळ निवृत्तीच्या वेळी त्यांनी घरी आणले होते. रोज संध्याकाळी सात ते आठ ते त्या घड्याळाचा स्वर आणि उपग्रहाकडून येणारा स्वर हेडफोनमधून एकत्र ऐकत. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या की त्यांच्यात जशी आंदोलने ऐकू येतात, तशी इथेही येतात. ती मोजली की घड्याळाची चूक कळते. घड्याळ दुरुस्त करायचे नसते, त्याची चूक नोंदवायची असते, हे या शास्त्राचे पहिले सूत्र. बाहेरच्या विजेची गुणगुण या ऐकण्यात व्यत्यय आणी. म्हणून त्यांनी सगळे घर बॅटरीवर घेतले. बाहेरची वीज फक्त बॅटरी भरते; घरात खेळणारी वीज इन्व्हर्टर त्या घड्याळाच्या तालावर नव्याने घडवतो.

“पन्नास म्हणजे पन्नास,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. “वर्षभर बघा. हलणार नाही.”

मुजावरांनी हातातले पेन खाली ठेवले. “म्हणजे तुमच्या शांततेवर शिक्काच नाही.”

“निर्भेळ आहे.”

“हो ना. तीच तर पंचाईत आहे, सर.”

त्यांनी पडदा होनरावांकडे वळवला. पडद्यावर एक काळा चौकोन होता. जागेवर बसलेला प्रत्येक तुकडा पांढरा दिसतो, असे त्यांनी सांगितले. होनरावांनी चष्मा पुसला. चौकोनात कुठेकुठे पांढरे कण होते. धुतलेल्या पाटीवर खडूची भुकटी राहावी तसे.

“आमच्या सासूबाईंचा नकाशा दाखवते,” मुजावर म्हणाल्या आणि दुसरा चौकोन उघडला. तो दुधासारखा पांढरा होता. “दोन दिवसांत जुळला. भांडखोर घर आहे. एक वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू.”

“अभिनंदन.”

“त्यांना सांगते.” मुजावर हसल्या नाहीत, पण डोळे हसले. “बरं, दुसरा रस्ता साक्षीदाराचा. त्या दिवशी तुम्ही कोणाशी फोनवर बोललात? तुमचा आवाज त्यांच्या प्रतीत असेल, त्यावरून आपल्याला जागा सापडेल.”

“त्या दिवशी कोणाशी नाही.”

“त्या आठवड्यात?”

होनरावांनी आठवून पाहिले. “दूधवाला येतो. पण तो पिशवी अडकवून जातो.”

“कोणी पाहुणे? सणावाराला?”

“बँकेचा संदेश आला असेल.”

“तो सगळ्यांना येतो, सर.” मुजावरांनी आवाज खाली आणला. “तुम्हाला नेमकं काय हवंय? सगळी दहा वर्षं नाही जमणार. एखादी वेळ सांगा.”

त्यांनी तारीख सांगितली. संध्याकाळी सात ते आठ. मुजावरांनी कारण विचारले नाही. त्यामुळेच की काय, होनरावांनी ते सांगितले. सांगताना त्यांनी विशेषणे वापरली नाहीत.

मुजावरांनी पेन उचलले. “घराला लागून कोणी राहतं?”

“जोडघर आहे. मधली भिंत सामाईक. पलीकडे शशिकला ढमढेरे म्हणून बाई राहतात, एकट्याच. मुलगा मस्कतला असतो. आई पडली-झडली तर त्याला कळावं म्हणून त्यानं त्यांच्या स्वयंपाकघरात ऐकणारं यंत्र बसवलंय.”

“आणि त्यांची वीज?”

“मलिन. तुमच्यासारखीच.”

“मग झालं की! त्यांची प्रत केव्हाच जुळली असणार. दोन्ही घरांत ऐकू जाईल असा आवाज फक्त सापडायला हवा. भिंतीतून काय ऐकू येतं?”

या प्रश्नाचे उत्तर होनरावांना अगदी काटेकोर माहीत होते. त्यावर त्यांनी आलेखांसह अहवाल लिहिला होता.

“कुकरच्या शिट्ट्या,” ते म्हणाले.

*

अहवालाची हकीकत अशी. चुली गेल्या, गॅस जाऊ घातला, स्वयंपाकघरातली भांडी बोलू लागली. कुकरची शिट्टी मात्र आजवर कोणाला बदलता आलेली नाही. ढमढेरेबाईंचा कुकर संध्याकाळी साडेसातच्या सुमारास लागे. पूर्वी तीन शिट्ट्या होत आणि तेवढ्या हेडफोन अडवीत. कुमुद गेल्यानंतर शिट्ट्या वाढल्या. पाच, सात, कधी आठ. मागोमाग करपलेल्या डाळीचा वास येई. आंदोलने ऐकणे अशक्य होऊ लागले. होनरावांनी भिंतीपाशी पूर्वीपासून असलेल्या ध्वनिमापकातली आधीची-नंतरची मिळून तीन महिन्यांची नोंद काढली, आलेख काढला आणि तक्रार नगरपालिकेकडे पाठवली. वासाचे एकक उपलब्ध नसल्यामुळे ती नोंद त्यांनी शब्दांत केली. आलेखात वाढीची सुरुवात कोणत्या आठवड्यात होते, हे त्यांच्या लक्षात आले होते. ‘कारण’ या रकान्यात त्यांनी ‘अज्ञात’ असे लिहिले. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही, हे ते विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आले होते.

ढमढेरेबाईंना नोटीस आली. त्यानंतर भिंतीच्या दोन्ही बाजूंना बोलणे उरले नाही. खरे म्हणजे त्याआधीही ते कुमुदपुरतेच होते.

पुण्याहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी होनराव नगरपालिकेत जाऊन तक्रार मागे घेऊन आले आणि शेजारचे दार वाजवले. बऱ्याच वेळाने ते उघडले.

“थांबा, कान लावते,” असे म्हणून शशिकलाबाई आत गेल्या आणि श्रवणयंत्र कानात बसवत परत आल्या. सत्तरीची, काटक, वेणीचा घट्ट अंबाडा घातलेली बाई. “बोला, साहेब. आज कोणता कागद आणलात?”

“कागद नाही. तक्रार मागे घेतली आहे.”

“का?”

“तुमची मदत हवी आहे.”

“अस्सं. म्हणजे आता माझ्या शिट्ट्या गोड लागल्या होय?” त्यांनी दार पूर्ण उघडले. “या. उभ्यानं मदत मागू नये.”

स्वयंपाकघर लहान होते. सामाईक भिंतीला टेकून एक बुटके लाकडी स्टूल होते. भिंतीवर, बसलेल्या माणसाची पाठ टेकेल त्या उंचीवर, रंग काळवंडला होता. होनरावांनी खुर्चीवर बसून सारे समजावले. दगड, क्रमांक, पाऊस. विजेची चाल. शशिकलाबाई मुठीवर हनुवटी ठेवून ऐकत होत्या.

“म्हणजे माझ्या घरातलं तुम्ही ऐकणार.”

“नाही. फक्त शिट्टी कोणत्या क्षणी झाली ते. आवाज नाही, आवाजाची वेळ.”

“तुम्ही नाही ऐकणार. मग कोण ऐकणार? त्या पुण्याच्या बाई?”

“यंत्र.”

“यंत्र.” त्यांनी छताच्या कोपऱ्याकडे पाहिले. तिथे एक हिरवा ठिपका लुकलुकत होता. “एकटी बाई घरात काय काय बोलते, ठाऊक आहे? मी देवाशी भांडते. ह्यांच्या फोटोशी भांडते. मस्कतवाल्याला शिव्या घालते, मग फोन आला की ‘बरी आहे रे बाळा’ म्हणते. हे सगळं त्या खोक्यात आहे.”

“ते उघडणार नाही. मी लिहून देतो.”

“तुमचं लिहिलेलं पुष्कळ वाचलं मी. तुम्हाला भावजी म्हणत होते मी. नोटिशीपासून साहेब झालात. कुमुद असताना एकदा तरी माझी डाळ लागली होती का हो?”

होनरावांना या वाक्याचा आधीच्या वाक्याशी संबंध लागला नाही. “त्या काळात शिट्ट्या तीनच होत,” ते म्हणाले.

“तीनच होत!” शशिकलाबाईंनी कपाळावर हात मारला. “मोजल्यात मात्र बरोबर.”

“तुम्ही कानात यंत्र घालून स्वयंपाक केलात तर—”

“ती शिट्टी या यंत्रातून सुरी खुपसल्यासारखी येते. म्हणून संध्याकाळी काढूनच ठेवते. मुलानं घंटीचं घड्याळ पाठवलंय. कान नसताना घंटी कोण ऐकणार, हे त्याला सुचलं नाही. इंजिनिअर आहे तो.” त्या उठल्या. “कुठे अंगठा द्यायचा?”

होनरावांनी फोन पुढे केला.

“कुमुदसाठी देतेय,” अंगठा टेकवताना त्या म्हणाल्या. “तुमच्यासाठी नाही. चहा घेणार?”

“नको. सवय नाही.”

“कुठली? चहाची की कोणाकडे बसायची?”

होनराव फोन खिशात ठेवून उठले. दोन्हींची नव्हती.

*

आठवड्याने मुजावरांचा फोन आला आणि होनराव पुण्याला गेले. पडद्यावरचा काळा चौकोन या वेळी तितका काळा नव्हता. त्यातून बारीक पांढऱ्या रेघा गेल्या होत्या, समान अंतरावर, चौकोनाच्या एका कडेपासून जवळजवळ दुसऱ्या कडेपर्यंत.

“प्रत्येक रेघ म्हणजे एक संध्याकाळ,” मुजावर म्हणाल्या. “दोन शिट्ट्यांमधलं अंतर रोज वेगळं असतं. डाळ किती, पाणी किती, त्यावर जातं. झाडाच्या खोडातली वर्तुळं कशी, काही जाड, काही पातळ? तसंच. तुमच्या तुकड्यांतली अंतरं आणि त्यांच्या प्रतीतली अंतरं ताडून पाहिली की तारीख सापडते. मग शिट्टीला चिकटलेले तुकडे, त्यांना चिकटलेले तुकडे, असं पुढे सरकायचं. थोडंच सरकता येतं. दोन-तीन मिनिटं. पलीकडे पुन्हा तुमची ती निर्भेळ शांतता.”

“त्या संध्याकाळची किती मिनिटं मिळाली?”

“चार. त्यात वाक्य आहे. सर, आधीच सांगते. पूर्ण नाही.”

त्यांनी ध्वनी सुरू केला आणि खुर्ची थोडी मागे सरकवली.

आधी काहीच नाही. मग भिंतीतून पहिली शिट्टी. मग भांडे सरकवल्याचा आवाज, नळ, नळ बंद. दुसरी शिट्टी. चपला फरशीवर घासत जवळ येऊ लागल्या. ही चाल होनरावांनी दोन वर्षांत ऐकली नव्हती आणि तरी ती विसरलीही नव्हती. डाव्या पायाचा आवाज उजव्यापेक्षा किंचित लांब.

“अहो,” कुमुद म्हणाली.

तिच्या आवाजात दमणूक नव्हती, सूचना नव्हती, निरोप तर मुळीच नव्हता. कोरडा, रोजचा, थोडा घाईचा आवाज.

“गुरुवारी मी निपाणीला गेले की आठ दिवस रोज तेवढं—”

आणि तिसरी शिट्टी झाली. ती लांबलचक होती. तिने वाक्याच्या मध्यावर सुरू होऊन शेवटाच्या जरासे अलीकडे जागा सोडली.

“—कराल ना?”

“हो,” होनराव म्हणाले. त्यांना स्वतःचा आवाज फार दूरचा वाटला.

ती हसली. “काय ‘हो’?”

“हो म्हटलं ना.”

“बरं. मग ठरलं,” असे म्हणून ती गेली. चपला लांब गेल्या, आणि मग टक, टक, टक, असे तीन ठोके आले. कशावर तरी कसले तरी. मग नळ, मग काहीच नाही. ध्वनी संपला.

खोलीत पंखा फिरत होता. होनरावांना त्याची गुणगुण स्पष्ट ऐकू येत होती.

“ज्या आवाजामुळे जागा सापडली, त्याच आवाजाखाली ते शब्द आहेत,” मुजावर म्हणाल्या. “त्या शिट्टीच्या वेळी तुमचा ध्वनिग्राहक ठासून भरला होता. खाली काही उरलेलंच नाही.”

“त्यांच्या बाजूच्या यंत्रात?”

“भिंतीपलीकडचं बोलणं? नाही आलं.” त्यांनी एक चौकट उघडली. “भरण करता येतं. यंत्राला त्यांचं आधीचं-नंतरचं बोलणं द्यायचं, मधल्या जागेची लांबी द्यायची. ते तीन शक्यता सुचवतं, त्यांच्याच आवाजात. ‘तुळशीला पाणी घालायचं काम’, एक्केचाळीस टक्के. ‘गोळ्या घ्यायचं लक्षात ठेवून’, तेहतीस. तिसरी दुधाबद्दल आहे. ऐकवू?”

“नको.”

“बहुतेक लोक घेतात, सर. जोड कळतसुद्धा नाही.”

“म्हणूनच नको. आवाज तिचा असेल. वाक्य सरासरी बायकोचं असेल.” त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. “आमच्याकडे तुळस नव्हती. गोळ्या मी घेत नव्हतो.”

मुजावरांनी चौकट मिटली. मग त्या म्हणाल्या, “एक विचारू? हे ठोके कसले?”

“माहीत नाही. त्या वेळी माझ्या कानांवर हेडफोन असायचे.”

“कारण आमची खरी मदार त्यांच्यावरच होती. शिट्टी पसरट असते, ठोका कसा नेमका येतो. दोन्ही घरांत सापडतो, आणि रोज. बघा.” त्यांनी एकामागून एक संध्याकाळ उघडली. वर एका घराची रेघ, खाली दुसऱ्याची. तीन शिट्ट्या, तीन ठोके. पावसाळ्यातली संध्याकाळ, तीन शिट्ट्या, तीन ठोके. दिवाळीतली, फटाक्यांच्या काटेरी रेघांच्या मधोमध, तीन शिट्ट्या आणि तीन ठोके. “ठोके तुमच्या बाजूनं आहेत, तुमच्याकडे मोठे, त्यांच्याकडे बारीक. आणि ठोक्यांनंतर कुकर बंद. वर्षानुवर्षं. मधूनच आठ-दहा दिवस ठोके नसतात, वर्षातून एकदा. त्या दिवसांत शिट्ट्या वाढतात.”

“ती दर वर्षी निपाणीला भावाकडे जायची.”

“आणि या तारखेनंतर ठोके नाहीतच. शिट्ट्या बघा. चार, पाच, सात.”

त्यांनी पडद्यावर आलेख उभा केला. होनरावांनी तो ओळखला. तंतोतंत तोच त्यांनी स्वतः काढला होता, नगरपालिकेला सादर केला होता आणि त्याखाली, ‘कारण’ या रकान्यात, एक शब्द लिहिला होता.

“सर, पाणी आणू?”

“नको,” ते म्हणाले. “यावरून काही सिद्ध होत नाही.”

“नाही होत,” मुजावरांनी मान्य केले. निघताना त्या दारापर्यंत आल्या. “आणि घरात थोडी मलिन वीज येऊ द्या, सर. पुढच्या वेळी मला सोपं जाईल.”

“विचार करतो.”

*

परतीच्या बसमध्ये होनरावांनी प्रश्न नीट मांडून पाहिला. ‘तेवढं’ म्हणजे काय? रोज करायची, आठ दिवस करायची, ती घरात नसताना राहून जाईल अशी गोष्ट. असे गृहीतक मांडता येते. त्याला पोषक निरीक्षणे आहेत. विरोधी एकही नाही. परंतु जे वाक्य ऐकूच आले नाही, ते आपल्याला हवे तसे भरणे, म्हणजे मुजावरांच्या यंत्राने केले तेच आपण करणे. फरक इतकाच, की यंत्राने निदान टक्केवारी सांगितली होती. तिला काय हवे होते, हे आता कधीच कळणार नाही. या निष्कर्षात त्यांना चूक सापडली नाही.

कापूरहोळच्या पुढे त्यांना ते बुटके स्टूल आठवले. भिंतीला टेकलेले, आणि त्यामागचा काळवंडलेला रंग. ज्याला ऐकू येत नाही, तो माणूस कानाने नव्हे तर पाठीने ठोका ओळखेल, हे ध्वनिशास्त्राला धरून होते. पण दोन वर्षे झाली तरी स्टूल तिथेच का असावे, याचे उत्तर त्यांना ध्वनिशास्त्रात मिळेना.

घरी पोहोचले तेव्हा सात वाजून गेले होते. घड्याळाच्या खोलीत दिवा आपोआप लागला. ते दारापर्यंत गेले, हेडफोन खुंटीवर होते तसे राहू दिले आणि स्वयंपाकघरात आले. ही खोली ते आता पाणी गरम करण्यापुरती वापरत. जेवणाचा डबा बाहेरून येई. फळीवर कुमुदची भांडी पालथी होती. त्यांनी सामाईक भिंत न्याहाळली. ओट्याच्या कडेला, खांद्याच्या थोडे खाली, गिलाव्याचा बोटभर तुकडा उडाला होता आणि आतली वीट घासून गुळगुळीत झाली होती. ती खोक त्यांनी अनेकदा पाहिली होती. घर रंगवायला काढू तेव्हा भरून घेऊ, असे त्यांनी ठरवले होते. खोकेच्या बरोबर खाली खिळ्याला एक लोखंडी उलथणे टांगलेले होते. त्याच्या मुठीचे टोक चपटे झाले होते.

त्यांनी उलथणे हातात घेतले आणि वाट पाहिली.

भिंतीपलीकडे भांडे ठेवल्याचा आवाज आला. मग स्टूल सरकल्याचा. मग काही वेळ काहीच नाही. आणि हे काहीच नसणे इतके दाट होते, की आपल्या घरातली वीज किती शुद्ध आहे, हे त्यांना प्रथमच नको इतके जाणवले. पहिली शिट्टी झाली. हेडफोनशिवाय ती बरीच मोठी होती. दुसरी. त्यांनी उलथण्याची मूठ खोकेपाशी नेली. ती तिथे चपखल बसली.

तिसरी शिट्टी झाली, आणि ती पूर्ण विरल्यावर त्यांनी भिंतीवर तीन ठोके दिले. पहिला फार हलका पडला, दुसरा बरा, तिसरा बरोबर.

पलीकडे काहीच हलले नाही. मग स्टूल फरशीवर जोरात घासले गेले. पावले धावत गेल्यासारखी वाटली, सत्तरीची बाई धावते तेवढीच. चौथी शिट्टी सुरू होता होता मध्येच तुटली.

होनराव उलथणे धरून उभे राहिले. भिंतीतून दुसरा काही आवाज आला नाही. त्यांनी तो ऐकण्याचा प्रयत्न बराच वेळ केला. करपल्याचा वास आला नाही, हेही त्यांनी नोंदवले. मग उलथणे खिळ्याला अडकवून त्यांनी आपला डबा उघडला आणि ओट्यापाशीच उभ्याने जेवले.

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे त्यांना ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी ते सातलाच स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले.